भिंतीवर आपला एक खिळा

आपल्याकडं कुठल्याही घरात पाहुणी म्हणून जा. चपला काढून बसलं की पाण्याचा तांब्या येतो. चहा होईपर्यंत करायला दुसरं काही नसतं, म्हणून नजर आपोआप भिंतीकडं जाते. दारावर गणपती, समोर अंबाबाई, शेजारी जोतिबा. एका बाजूला शिवाजी महाराज नाहीतर राजर्षी शाहू महाराज, कुठं बाबासाहेब आणि बुद्ध. मग चंदनाचा हार घातलेले आजोबा. सासरे कुठल्याशा समारंभात नारळ आणि शाल घेताना. थोरल्या मुलाचा पदवीचा काळा झगा घातलेला फोटो. पाच मिनिटांत त्या घराची सगळी कुळकथा कळते.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन घरची बाई बाहेर येते. आता पुन्हा एकदा भिंतीकडं बघा. ती तिथं कुठं आहे?

बचत गटाच्या कामानं मी करवीर आणि शिरोळ भागातल्या बऱ्याच घरांत जाते. पेठेतलं जुनं घर असो, उपनगरातला बंगला असो की शेतातली वस्ती असो, हा प्रश्न हल्ली मला सारखा पडतो. ज्या भिंती ती वर्षानुवर्षं झाडते, ज्या तसबिरींची धूळ दर दिवाळीला पुसते, त्यात ती स्वतः बहुधा नसते. असलीच तर लग्नाच्या फोटोत, खाली मान घालून. एरवी भिंतीवर तिचा हक्काचा म्हणावा असा एकच खिळा असतो, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा. 1973 साली ‘कालनिर्णय’ निघालं आणि मराठी स्वयंपाकघरात त्याची जागा ठरून गेली. त्याच्या चौकोनात दुधाचा हिशोब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस. तेवढं अक्षर फक्त तिचं. तेही डिसेंबर संपला की रद्दीत.

खरं तर आपल्या भिंतींवर तसबिरी आल्या त्यालाही फार काळ झालेला नाही. पूर्वी चित्रं म्हणजे राजवाड्यात, नाहीतर देवळात. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं छापलेल्या रंगीत चित्रांमुळं लक्ष्मी, सरस्वती, राम-सीता सामान्य माणसाच्या माजघरात आल्या. देवळात जायला ज्यांना बंदी होती, त्यांच्याही घरात देव आला तो या कागदावरून. त्यानंतर फोटो स्टुडिओ आले, आणि देवांच्या रांगेत माणसं बसू लागली.

जुन्या घरांत तसबिरी कशा लावत, आठवतं का? छताच्या जरा खाली लाकडी पट्टी असायची. त्या पट्टीला तसबीर टेकवायची आणि वरून दोरीनं बांधून पुढं झुकती ठेवायची. त्याला कारण होतं. मातीच्या भिंतीत खिळा नीट धरत नसे, म्हणून पट्टी. माणसं जाजमावर खाली बसत, त्यांना वरची तसबीर दिसावी, काचेवर उजेड चमकू नये आणि धूळ कमी बसावी, म्हणून ती झुकती. त्या झुकत्या तसबिरीच्या मागं चिमण्या घरटं करायच्या. खाली काड्या पडायच्या, तरी घरटं कुणी काढायचं नाही.

आपलं कोल्हापूर तर कलापूरच. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर अशी माणसं इथं झाली. छत्रपती शिवाजी महाराजांचं जे चित्र राज्यमान्य झालं, ते आपल्या कोल्हापूरच्या जी. कांबळे यांच्या हातचं. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं आपलं राहतं घर चित्रांसह सरकारला देऊन टाकलं, तिथं आज संग्रहालय आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयातही जुन्या चित्रकारांची चित्रं बघायला मिळतात. सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा. चित्रं बघायची आणि भिंतीवर लावायची हौस या गावाच्या रक्तात आहे. त्यामुळं भिंतीवर कोण असावं, हा प्रश्न आपल्या गावात तरी बारीकसा समजू नये.

आणि बायकांनाही ती हौस होतीच की. तीस-चाळीस वर्षांपूर्वी प्रत्येक मुलगी लग्नाआधी एखादी तरी भरतकामाची फ्रेम करायची. दोन पोपट, नाहीतर हंसाची जोडी, मण्यांचं ‘सुस्वागतम्’. खाली कोपऱ्यात दोऱ्यानंच ‘कु.’ आणि पुढं माहेरचं नाव. बघायला आलेल्या मंडळींना ती फ्रेम मुद्दाम दाखवायची. मुलगी सासरी जायची, फ्रेम माहेरी राहायची. पुढं भावानं घर बांधलं की नव्या रंगाला ती शोभत नाही म्हणून माळ्यावर जायची. सासरी तर तिला जागा नव्हतीच, कारण तिच्यावरचं नाव आता चालत नव्हतं.

बाईचा फोटो भिंतीवर यायचा ठरलेला मुहूर्त एकच, ती गेल्यावर. त्या वेळी घरात काय धांदल उडते, ते मी जवळून पाहिलंय. दहाव्याच्या आत फोटो हवा. एकटीचा फोटो सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला घोळक्यातला फोटो शोधायचा, त्यातून तिचा चेहरा कापून मोठा करायचा. कधी शेजारणीचा खांदा तसाच राहतो. कधी आधार कार्डावरचा फोटो मोठा करतात. डोळे ताठ, ओठ घट्ट, केस विस्कटलेले. पन्नास वर्षं ज्या बाईनं घर हसतं ठेवलं, तिची घरातली कायमची आठवण म्हणजे हा सरकारी फोटो. नातवंडांना वाटतं, आजी अशीच होती.

‘जित्या माणसाचा फोटो लावू नये’ असं काही घरांत म्हणतात. पूर्वी तर फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असंही मानत. पण हा नियम सासऱ्यांच्या सत्काराच्या फोटोला का लागत नाही? मुलाच्या पदवीच्या फोटोला का लागत नाही? तिथं आपण कौतुकानं खिळा ठोकतोच ना?

दुसरी गोष्ट माहेरची. सुनेच्या आई-वडिलांचा फोटो सासरच्या बैठकीत लावलेला तुम्ही किती घरांत पाहिलाय? आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं यावरूनच घरात बिनसलं होतं. तिची आई गेली. भावांनी फोटो मोठा करून तिघा भावंडांना एकेक फ्रेम दिली. हिनं ती बैठकीत सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावली. संध्याकाळी नवरा म्हणाला, “लोक काय म्हणतील? आत लाव की.” सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पण तोंड फिरवून बसल्या. दोन दिवस घरात नुसती भांडी वाजत होती.

तिसऱ्या दिवशी ही सासूबाईंच्या जवळ जाऊन बसली आणि साधेपणानं विचारलं, “आत्या, तुमच्या आईचा फोटो असंल तर द्या, दोन्ही शेजारी लावू.” म्हातारी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “फोटू कुणी काढलाय गं तिचा? तिचं त्वांड आता मला बी आठवत न्हाई. हातावरचं गोंदण तेवढं आठवतंय.”

आज त्या बैठकीत विहीणबाईंचा फोटो आहे. शेजारी एक साधी चौकट आहे, तिच्यात फोटो नाही. कागदावर सासूबाईंच्या आईचं नाव आणि गाव, आणि वर म्हातारीनं आठवून सांगितलेलं तुळशीचं गोंदण, शाळकरी नातीनं पेनानं काढलेलं. आल्यागेल्याला म्हातारी स्वतः उठून ती चौकट दाखवते. नवऱ्यानं परत काही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, ज्यांचा फोटो आपण अभिमानानं लावतो, त्या शाहू महाराजांनी त्यांच्या घरात काय केलं तेही आठवूया. 1918 साली त्यांचे धाकटे चिरंजीव, युवराज शिवाजी, अपघातात गेले. सूनबाई इंदुमतीदेवी कोवळ्या वयात विधवा झाल्या. त्या काळी राजघराण्यातल्या विधवेला पडद्याआडचा कोपरा ठरलेला. महाराजांनी घरातल्यांचा विरोध पत्करून सोनतळीला सुनेच्या शिक्षणाची सोय केली. त्याआधी, 1917 साली, त्यांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदाही केला होता. इंदुमती राणीसाहेबांनी पुढं कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं मोठं काम उभं केलं. महाराजांचा फोटो लावायचा आणि आपल्या सुनेला, लेकीला मात्र भिंतीवर जागा नाकारायची, हे जरा विसंगतच नाही का?

त्याच वाटेवरचं अलीकडचं पाऊल शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं टाकलं. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. पण ठराव गावचावडीत होतो, भिंत घरात असते. नवरा गेल्यावर त्याचा एकट्याचा हाराचा फोटो वर चढतो आणि दोघांचा जोडीचा फोटो खाली उतरतो, हे मी काही घरांत पाहिलंय. कारण त्यात तिच्या कपाळाला कुंकू असतं. एका फोटोबरोबर तिचं सगळं सहजीवनच ट्रंकेत जातं. जोडीचा फोटो तसाच राहू द्या. त्या दोघांनी संसार केला, हे त्याच्या मरणानं खोटं होत नाही.

सरकारी कागदसुद्धा हळूहळू बदलतोय. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा निर्णय महाराष्ट्रात झाला. दाखल्यावर आई आली. भिंतीवर आणायला तर शासन निर्णयाचीही गरज नाही. एक खिळा आणि हातोडी पुरते.

पण तो खिळा नीट ठोकायला हवा. ‘हे पुरुषांचं काम’ म्हणून रविवारची वाट बघत बसू नका. थोडी माहिती असली की कुणालाही जमतं.

आधी जागा ठरवा. तसबिरीच्या आकाराचे जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे कापा आणि चिकटपट्टीनं भिंतीवर लावून बघा. हलवून हलवून मनासारखी मांडणी झाली की मगच खिळा. उभ्या माणसासाठी तसबिरीचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असला की बघायला सोपं जातं. खाली बसायची पद्धत असेल तर आणखी थोडं खाली. चार-पाच छोटे फोटो असतील तर ते भिंतभर विखरू नका. मध्ये दोन-तीन इंच जागा सोडून एकत्र लावा.

हलक्या फ्रेमला पोलादी खिळा पुरतो. तो सरळ न मारता टोक थोडं खाली आणि डोकं वर असा तिरका मारा, म्हणजे दोरी निसटत नाही. खिळ्याच्या जागी आधी चिकटपट्टी लावली तर गिलावा कमी फुटतो. मोठी, काचेची जड तसबीर असेल तर ड्रिलनं भोक पाडून, त्यात प्लॅस्टिकची गिट्टी बसवून स्क्रू लावा. जमलं तर दोन स्क्रू, मग तसबीर वाकडी होत नाही. विजेच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली मात्र कधीही खिळा मारू नका, आतल्या वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. टांगायला सुतळी नको, ती कुजते. तार किंवा नायलॉनची दोरी घ्या. सरळ लागली का हे गवंड्याच्या पाणसळीनं बघता येतं. पाणसळ नसेल तर दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात खरा शत्रू ओल. बाहेरच्या बाजूची, ओल धरणारी भिंत टाळा. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. मागचा पुठ्ठा कागदी पट्टीनं बंद करून घ्या, कसर आत शिरत नाही. फ्रेम करणाऱ्याला सांगा की फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाची चौकट टाका. फोटो काचेला टेकला की ओलीनं चिकटतो आणि मग सुटत नाही. काच पुसताना पाणी थेट काचेवर उडवू नका, ओलसर फडक्यानं पुसा. हळदीकुंकू काचेवर लावण्यापेक्षा लाकडाच्या कडेला लावा. ताज्या हाराचं पाणीही कडेनं आत झिरपतं. उन्हाच्या समोर रंगीत फोटो काही वर्षांत फिका पडतो, म्हणून मूळ फोटो पाकिटात जपून ठेवा आणि भिंतीवर त्याची प्रत लावा.

नदीकाठच्या मैत्रिणींना एक जास्तीची गोष्ट सांगायची आहे. 2005, 2019 आणि 2021 चे पूर आपण विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखलातून भांडी मिळाली, कपडे धुऊन निघाले, गेलेला टीव्ही पुढं परत आला. पण लग्नाचे अल्बम आणि भिंतीवरचे फोटो बघून बायका जशा रडल्या, तशा त्या टीव्हीसाठी रडल्या नाहीत. पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीवर आलं की कागदपत्रांच्या पिशवीत फोटोही टाका. त्याहून बरं म्हणजे आजच मोबाइलवर सगळ्या जुन्या फोटोंचे फोटो काढून बाहेरगावच्या बहिणीला किंवा लेकीला पाठवून ठेवा.

तरीही फोटो भिजलाच, तर त्याला आहे तसा वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात हलक्या हातानं बुडवून गाळ काढा, एकमेकांना चिकटलेले फोटो पाण्यातच सावकाश सोडवा. चित्राची बाजू वर करून कापडावर सावलीत वाळत घाला. ऊन नको, इस्त्री तर नकोच. काचेला चिकटून आधीच सुकला असेल तर ओढू नका, चेहरा काचेवरच राहतो. काचेसकट त्याचा फोटो काढून घ्या आणि नवी प्रत करा.

सगळ्या भिंती माणसांनीच भराव्यात असंही नाही. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात चित्रांची प्रदर्शनं लागतात, तिकडं एक चक्कर मारा. परवडत असेल तर एखादं छोटं चित्र विकत घ्या. नाहीतर माळ्यावरचे ते दोन पोपट खाली काढा, धूळ झटका, नवी काच घाला. खालचं ‘कु.’ आणि माहेरचं नाव झाकू नका. ते तुमचंच नाव आहे.

या दिवाळीला तसबिरी खाली उतरतीलच. परत चढवताना घरातल्या सगळ्यांना हाक मारा, आणि कोण राहिलं ते एकदा मोजा. सासूबाई असतील तर त्यांना आवडीचं लुगडं नेसवून, खुर्चीत बसवून एक चांगला फोटो काढा, त्या धडधाकट असताना, हसत असताना. मुलीला सांगा, आता माझा काढ. स्टुडिओतून प्रती करून घ्या, आणि फ्रेम बंद करायच्या आधी फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहा, पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, साल. पन्नास वर्षांनी कुणी ती फ्रेम उघडली, तर ही बाई कोण असं विचारायची वेळ त्यांच्यावर यायला नको.